पाचव्या बुडीचा सोबती

क्लबाचं पत्र आलं त्या दिवसापासून दहा दिवस मी घरात कुणाशी धड बोललो नाही. पत्र साधंच होतं. पाठीला हवेची टाकी लावून पाण्याखाली बुडी मारण्याचा पहिला वर्ग ज्यांनी पार केला त्यांच्यासाठी या हिवाळ्यात पुढचे तीन वर्ग निघणार होते. एक खोल पाण्याचा, एक बचावाचा, एक साधनांच्या दुरुस्तीचा. एका माणसाला एका हिवाळ्यात एकच वर्ग. कोणता हवा ते दहा दिवसांत कळवा. इथपर्यंत ठीक होतं. पण खाली आमच्या सरांनी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली होती : ‘तुम्ही दुरुस्तीचा वर्ग घ्यावा असं मला वाटतं.’

माझं डोकंच फिरलं. म्हणजे इतरांनी खाली जायचं आणि मिस्त्रीने वर बसून त्यांचे वॉल्व्ह पुसायचे.

आता हा मिस्त्री त्या मुंबईच्या क्लबात शिरला कसा, तेही सांगतो. जव्हारला आमचं स्टोव्ह, पेट्रोमॅक्स आणि पंप दुरुस्तीचं दुकान. अब्बांनी थाटलेलं, नंतर दोघं मिळून चालवत होतो. ऐंशी सालच्या आगेमागे एका उन्हाळ्यात मुंबईचे एक गृहस्थ थंड हवेसाठी गावात उतरले होते. नौदलातून निवृत्त झालेले. त्यांच्या मोटारीत हवा भरायचा एक छोटा कॉम्प्रेसर होता आणि तो बंद पडला होता. मी तो दुपारभरात चालू करून दिला. त्यांनी पैसे विचारले, मी म्हटलं, पैसे नकोत, हा कशासाठी ते सांगा. तेच आमचे सर. त्या पावसाळ्यात दर रविवारी पहाटेची एस.टी. धरून मी मुंबईला जायचो, त्यांच्या पोहण्याच्या तलावात पोरासोरांबरोबर टाकी पाठीला लावून तळाशी बसायचो आणि संध्याकाळी परत यायचो. हिवाळा लागता लागता समुद्रात चार बुड्या झाल्या आणि हातात माझा फोटो लावलेलं कार्ड पडलं. जव्हारात असलं कार्ड असलेला मी एकटा. उपयोग काय, असं सगळ्यांनी विचारून झालं होतं. उपयोग काही नव्हता, म्हणून तर ते इतकं आवडायचं. स्टोव्हला उपयोग असतो.

अब्बा म्हणत, “पानी में दम लेना मछली का काम है. अपना काम दुकान में पडा है.” आणि काम खरंच पडलेलं असायचं.

तर मला हवा होता खोल पाण्याचा वर्ग. शेवटच्या आठवड्यात ते लोक मालवणच्या बाजूला जाऊन शंभर फूट खाली उतरणार होते. शंभर फूट! आमच्या गावाबाहेरच्या तलावाच्या तळाला मी लहानपणी हात लावला होता तेव्हाही तिथून आणखी खाली जावंसं वाटलं होतं. पण त्या वर्गाला अट होती. उघड्या पाण्यातल्या पाच बुड्या वहीत लिहिलेल्या हव्यात आणि प्रत्येक बुडीखाली सोबत्याची सही हवी. एकट्याने बुडी मारायची नाही, हा आमच्यातला पहिला नियम. सोबती म्हणजे जो तुमच्याबरोबर खाली आहे, ज्याची हवा तुम्हाला आणि तुमची त्याला उपयोगी पडेल असा. माझ्या चार बुड्या झाल्या होत्या. पाचवीला ना पाणी होतं, ना सोबती, ना दिवस.

टाकी मात्र होती, आणि इथेच माझी नियत फिरली. क्लबाने एक रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायचं यंत्र, माझ्याकडे दुरुस्तीला पाठवलं होतं. ते तपासायला सोबत एक अर्धी भरलेली टाकी दिली होती. दुरुस्ती होऊन दोन्ही वस्तू दुकानाच्या कोपऱ्यात तयार होत्या. गिऱ्हाइकाची वस्तू आपण वापरायची नाही, हे अब्बांनी मला पक्कड धरायच्या आधी शिकवलं होतं. मी मनाला समजावलं की हे वापरणं नव्हे, ही तपासणी. मनाला समजायला कितीसा वेळ लागतो.

राहिलं पाणी आणि सोबती. मोखाड्याच्या वाटेवर पोशेरा नावाचं गाव आहे, त्याच्या खालच्या अंगाला नदीचा एक डोह आहे. सात बाजांचं सुंभ सोडलं तरी तळ लागत नाही, असं त्याच्याबद्दल सांगत. मी एकदा दोरीला दगड बांधून पाहिलं होतं, पन्नास फुटांवर दगड टेकला. तिथे मला नेणारा पोशेऱ्याचा एक माणूस होता, माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठा. पेट्रोमॅक्स दुरुस्तीला घेऊन यायचा, तशी ओळख झाली. मी त्याला दादा म्हणायचो. तो मला मिस्त्री म्हणायचा आणि तू म्हणायचा. तो सगळ्यांनाच तू म्हणे, मामलेदार आला तरी.

त्या डोहात कपारीतले मासे हाताने धरायची त्यांची एक रीत होती. एकजण काखेखालून दोर बांधून दम धरून खाली जायचा. दुसरा काठावर दोर धरून बसायचा आणि खालचा बुडाला की हाही आपला दम धरायचा. तोंड मिटून, डोळे पाण्यावर ठेवून. ह्याचा दम सरला की समजायचं, त्याचाही सरला, आणि दोर ओढायचा. मध्येच पाण्यावर फुगे आले तर मग काही पाहायचंच नाही, सरळ ओढायचं, कारण फुगे आले म्हणजे खालच्याने दम सोडला. घड्याळ नाही, खूण नाही, काही नाही. मला ती रीत पाहून तेव्हा हसू आलं होतं. मी त्याला म्हटलं होतं, तुमचा दोरवाला सर्दीने बेजार असेल तर खालच्याने काय करायचं? तो म्हणाला, “सर्दी झाली त दोर धरीत नाय.”

पत्राला उत्तर सोमवारच्या टपालाने निघायला हवं होतं. त्याच्या आदल्या रविवारी सकाळी मी टाकी पोत्यात गुंडाळून एस.टी. स्टँडवर उभा होतो. कंडक्टरने पोत्यावर टकटक केलं.

“गॅस आहे का?”

“हवा आहे.”

“हवा तर सगळीकडे आहे. ही बांधून कशाला नेतो?”

लोक हसले. मी हसलो नाही. मोखाड्याच्या रस्त्यावर वळणावळणाला ती टाकी माझ्या पायावर येत होती आणि दर वळणाला मला वाटत होतं, उतरावं आणि परत जावं. पण आठवत होती ती सरांची ओळ. तिने मला पुढे ढकललं.

दादा घरीच होता. नाचणीची मळणी चालली होती, अंगावर भुसा घेऊन तसाच निघाला. डोहाकाठी मी पोतं सोडलं तेव्हा तो बराच वेळ टाकीकडे पाहत राहिला. मी घाईघाईने सांगितलं की ह्यात हवा आहे, मी खाली तीच घेणार, अर्धा तास लागेल, तू नुसता दोर धरून बस. तो म्हणाला, “हां.” त्या हां मध्ये काय समजलं आणि काय नाही, हे विचारायला हवं होतं. मी रोज दुकानात गिऱ्हाइकाला स्टोव्ह देताना पिन कशी मारायची ते तीनदा सांगतो. त्या दिवशी एकदाही सांगितलं नाही.

उलट मी वही काढली. नंतर हात ओले असतील म्हणून सहीचं काम आधीच उरकून घ्यावं, असं माझं डोकं. पाचव्या बुडीचं पान आदल्या रात्रीच लिहून ठेवलं होतं. शाईची डबीही आणली होती.

“इथं अंगठा लाव, दादा.”

त्याने लावला. काय लिहिलंय ते विचारलं नाही. मी मिस्त्री, त्याचा पेट्रोमॅक्स माझ्याकडे नीट व्हायचा, एवढ्यावर लावला. उतावळ्या नवऱ्याने गुडघ्याला बाशिंग बांधावं तसं माझं झालं होतं. बुडी व्हायची होती आणि ती सुखरूप झाल्याचा दाखला माझ्या पिशवीत होता.

बुडायला वजन म्हणून जुन्या बॅटऱ्यांचं शिसं ओतून केलेला पट्टा मी कमरेला लावला. दोर त्याने बांधला, त्यांच्या पद्धतीने, काखेखालून घेऊन गाठ पाठीवर, टाकीच्या वर. माझा हात तिथे पोचत नव्हता. ते लक्षात आलं आणि मी काही बोललो नाही. वाटलं, गाठ सोडायची वेळच कशाला येईल.

पाणी गार होतं. दहा फुटांवर हिरवं, वीस फुटांवर बाटलीच्या काचेसारखं आणि त्याखाली अंधारत गेलेलं. श्वास घेताना रेग्युलेटरचा आवाज येत होता आणि ते यंत्र मीच दुरुस्त केलेलं असल्यामुळे मी तो कान देऊन ऐकत होतो. दर थोड्या वेळाने कान मोकळे करत, नाक चिमटीत धरून खाली गेलो. तळाशी मोठे गोल धोंडे होते आणि एका धोंड्याच्या बगलेला पोशेऱ्याच्या कुणाच्यातरी हातून सुटलेली कोयती पडली होती. मी तिच्याकडे हात नेला. खरं सांगायचं तर त्या एका क्षणात मला फार आनंद झाला. ह्या डोहाच्या तळाशी बसून आरामात श्वास घेणारा मी पहिला माणूस, असं मनात आलं.

आणि पाठीमागून कुणीतरी मला उचललं.

पहिला हिसका इतका जोराचा होता की तोंडातलं यंत्र निसटून खांद्यामागे गेलं. मी पालथा झालो. दुसरा हिसका, तिसरा. मी वर चाललो होतो, पाठ वर आणि पोट खाली, आणि तोंड मी घट्ट मिटून घेतलं होतं. लहानपणापासून पोहणारा प्रत्येक माणूस पाण्यात तेच करतो. पण टाकीच्या हवेला हेच नेमकं चालत नाही. खालच्या दाबात भरलेली हवा वर येताना फुगत जाते. सर शिकवताना मला म्हणाले होते, तुम्ही मिस्त्री आहात, तुम्हाला सांगायला नको, टायरबाहेर ट्यूब काढून हवा भरत राहिलं तर काय होतं? वर येताना दम धरलात तर तुमची फुप्फुसं ती ट्यूब आहेत. तोंडाने आवाज काढत वर यायचं, काही झालं तरी. आम्ही तलावात आ आ करत वर यायचो आणि मला त्याचं हसू यायचं.

आता हसू नव्हतं. छाती आतून ताणायला लागली होती. काय करायचं ते मला माहीत होतं आणि तोंड उघडत नव्हतं. पाठीमागची गाठ शोधायला मी हात नेला, हात पोचला नाही. आणि तेव्हा मला राग आला. दादाचा आला. एवढं सांगून ह्या माणसाने दोर का ओढला? आयुष्यात मी इतका कुणावर चिडलो नसेन. माझ्या तोंडातून शिवी निघाली. पाण्यात शिवीला शब्द नसतात, नुसती हवा बाहेर पडते. एक संपली की दुसरी, अशा मी पाणी संपेपर्यंत त्याला आणि त्याच्या खानदानाला शिव्या देत वर आलो. शिकलेलं आठवून वाचलो असं सांगायला मला आवडलं असतं. मी वाचलो तो रागीट असल्यामुळे.

वर डोकं निघालं तेव्हा दादाने मला काखेत धरून खडकावर घेतलं. मी खोकलो आणि थुंकलो. थुंकी लाल होती.

त्यानंतरचा अर्धा तास हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब अर्धा तास. सरांनी सांगितलेली लक्षणं मला पाठ होती. रक्त, छातीत कळ, मानेच्या कातडीखाली हवा, हातपाय बधिर होणं, मग जीभ जड. काही मिनिटांत सुरू होतं. ह्यावर उपाय म्हणजे माणसाला पुन्हा दाबात ठेवायची एक लोखंडी खोली, ती मुंबईला. माझ्या आणि तिच्यामध्ये घाट होता, दोन बस होत्या आणि पुढची बस दुपारी होती. मी खडकावर आडवा पडून एकेक बोट हलवून पाहत होतो. मान चाचपत होतो. स्वतःचं नाव मनात म्हणून पाहत होतो, जीभ वळते का. अम्मीची आठवण आली आणि मी तिला सांगून निघालो नव्हतो, हे आठवलं. मी घाबरलो होतो, फार घाबरलो होतो. दादाला हे काही सांगता येत नव्हतं, कारण सांगायला सुरुवात कुठून करायची? तो माझ्याजवळ उकिडवा बसून होता. त्याचे तळहात दोराने सोलले होते.

हळूहळू कळलं की रक्त नाकातून घशात उतरत होतं. छातीतली ओढ कमी झाली. बोटं सगळी माझीच राहिली. मी उठून बसलो आणि पहिलं काम केलं ते त्याच्यावर ओरडायचं.

“कशाला ओढलंस? अर्धा तास सांगितलं होतं ना!”

तो शांतपणे म्हणाला, “फुगं आलं.”

“फुगे येणारच! मी श्वास सोडला की फुगे येतात!”

“तेच त. दम सोडला, मना दिसला. तरी नाय ओढला. तू सांगितला व्हता, म्हनून माझा दम धरून बसलो. लय धरला, मिस्त्री. माझा पार सरला, डोळ्यापुढं काळा आला, तवा ओढला.”

त्याच्या रीतीने ओढायला हवं होतं त्याच्या कितीतरी नंतर त्याने ओढलं होतं. माझ्या शब्दाखातर त्याने स्वतःचा जीव कोंडून धरला होता. माझ्या अर्ध्या तासाचा अर्थ त्याला काय लागणार? पाण्याखालचा माणूस किती वेळ जगतो, ते तो स्वतःच्या छातीवरून ओळखत आला होता, आणि त्याच्या हातून आजवर कुणी मेलं नव्हतं. पट्टीचा पोहणारा बुडतो म्हणतात. बुडताना तो काठावरच्यालाही घेऊन जातो, हे कुणी सांगत नाही.

थोड्या वेळाने त्याने पिशवीकडे बोट केलं. “त्या वहीत काय लिवलास?”

वही काढली. खोटं वाचता आलं असतं, त्याला अक्षर कळत नव्हतं. पण त्याच्या तळहातांकडे पाहून ते जमलं नाही. मी वाचलं, “खोली पन्नास फूट. सोबती पूर्ण वेळ बरोबर होता. बुडी सुखरूप पार पडली.”

“मी अंगठा लावला तवा तू कोरडा व्हतास,” तो म्हणाला.

मी वही मिटली.

“तू मेला असतास, मिस्त्री, त हा कागद त्यांनी वाचला असता. दोर माझ्या हातात. अंगठा माझा. मनाच नेला असता.”

हे त्याने रागाने म्हटलं नाही. नदीला पूर येतो असं सांगावं तसं म्हटलं. मला तेव्हा जी लाज वाटली ती इतकी वर्षं झाली तरी तशीच आहे. मी माझ्या जिवाशी खेळत होतो असं समजत होतो आणि पणाला लावलं होतं त्याला. शहरातल्या लोकांनी मला वर बसवून वॉल्व्ह पुसायला लावू नये म्हणून मी ह्याला वर बसवलं होतं, काही न सांगता, अंगठा घेऊन.

मी ते पान फाडलं. तो बघत राहिला, मग दोर गुंडाळायला लागला. मी म्हटलं, “दादा, पुढच्या वेळी नीट सांगेन सगळं. फुग्यांचं, दोराच्या खुणांचं. धरशील ना?”

“नाय.”

“मी शिकवतो ना तुला.”

त्याने गुंडाळलेला दोर खांद्यावर टाकला. “तुला तरी कोठं येतो?”

दुपारच्या बसला त्याने टाकी उचलून दिली. कंडक्टर दुसरा होता, त्याने काही विचारलं नाही.

सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी पत्र लिहिलं. क्लबाची टाकी वापरली ते लिहिलं, दोराचं लिहिलं, रक्ताचं लिहिलं. पाचवी बुडी मोजू नये असं लिहिलं. लिहिताना अब्बांना वाचून दाखवलं, कारण गिऱ्हाइकाची वस्तू वापरल्याचं त्यांना माझ्याच तोंडून कळायला हवं होतं. ते शेवटपर्यंत ऐकत थांबले आणि मग दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी मी लिहिलं की मला बचावाचा वर्ग हवा. खोल पाणी नको, असं नाही लिहिलं, कारण ते खोटं झालं असतं. ते मला अजूनही हवं होतं.

सरांचं पोस्टकार्ड आठवड्याने आलं. दंड म्हणून मी पहिल्या वर्गाच्या परीक्षा पुन्हा द्यायच्या, मग बचावाच्या वर्गात बसता येईल. दिल्या. तलावात माझ्या निम्म्या वयाच्या पोरांबरोबर आ आ करत वर आलो.

बचावाच्या वर्गाचा पहिला दिवस पाण्यात नव्हताच. सरांनी आम्हा आठ जणांना तलावाच्या काठावर बसवलं आणि प्रत्येकाच्या हातात एक दोर दिला. म्हणाले, आज खाली कुणी जाणार नाही, आज वर बसायचं शिकायचं. खालच्या माणसाला दोर कसा कळतो, वरच्याला खालचा माणूस कसा कळतो, ते. मग त्यांनी सगळ्यांकडे पाहून विचारलं, “ह्यातलं आधी कुणी काही केलंय? कुणाला येतं?”

दोघांनी हात वर केले. सर माझ्याकडे पाहत होते. मी म्हटलं, “मला येत नाही, सर. पोशेऱ्याला एकजण आहे, त्याला येतं.”